चातुर्मासातला सूर

वरातीत नाचणाऱ्या माणसाला ट्रंपेटवाल्याचे ओठ दिसत नाहीत. त्याला दिसतो तो सोनेरी गोंड्यांचा लाल कोट, घामाने चिकटलेली टोपी आणि फुगलेले गाल. नवरदेवाचे मित्र हवेत नोटा फिरवतात, मागच्याच गाण्याची पुन्हा फर्माईश होते, आणि नागपूरच्या मे महिन्यात, संध्याकाळी सातलाही भट्टीसारख्या असलेल्या हवेत, तो माणूस चौथ्यांदा तेच गाणे वरच्या पट्टीत सुरू करतो. मीही अशा कितीतरी वरातींत चाललो आहे. त्या माणसाच्या ओठांचे काय होत असेल हा प्रश्न मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत पडला नाही. पडला तोही संगीताच्या प्रेमाने नव्हे, सात हजार रुपयांच्या कर्जामुळे.

गोष्ट १९८८ सालची. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात होतो. कामठीचा एक बावीस वर्षांचा पोरगा ट्रंपेट आणि युफोनियम घेण्यासाठी अर्ज घेऊन आला. वाद्ये मीरतेहून यायची होती. मीरतेच्या जली कोठी भागात बँडची वाद्ये घडवणाऱ्यांची वस्तीच आहे आणि तिथल्या नादिर अली कंपनीचा कारभार १८८५ पासूनचा, ही माहिती मला त्या अर्जाला जोडलेल्या दरपत्रकाच्या निमित्ताने झाली. पोराबरोबर जामीनदार म्हणून एक ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले होते. लष्करी बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी नेहमीप्रमाणे विचारले, "धंदा चालेल याची खात्री काय?"

हवालदार म्हणाले, "साहेब, तुम्ही पाहाले या. या पोट्ट्याचा सूर ऐका. मंग ठरवा."

स्थळपाहणी हा आमच्या कामाचा भागच होता. शिवणयंत्र चालते का, म्हैस जिवंत आहे का, हे बघून शेरा मारायचा. सूर बघायला मात्र मी पहिल्यांदाच निघालो होतो.

कामठीत कन्हान नदीच्या काठी सकाळी सहाला ते दोघे भेटले. घरात वाजवले की शेजारी भांडायला येतात म्हणून नदी. मला वाटले, आता एखादे गाणे ऐकवतील. १९५१ च्या 'अलबेला'तली गाणी तेव्हाही सगळ्या बँडवाल्यांच्या पोतडीत असत. त्यांचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपल्याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे काही काळ शिकलेले राम चितळकर, आणि त्यांच्या साथीला ट्रंपेट घेऊन उभा राहिलेला चिक चॉकलेट हा गोव्याच्या हळदोण्याचा, मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. पण गाणे वगैरे काही झाले नाही. हवालदारांनी हाताने खूण केली आणि पोराने एक सूर लावला. एकच. अगदी हळू, जवळजवळ ऐकू येणार नाही असा. मग तो वाढत गेला, नदीच्या पलीकडे पोचेल इतका झाला, आणि पुन्हा लहान होत होत विरला. मी मनगटावरच्या एचएमटीकडे बघत होतो. चौदा सेकंद. दहाव्या सेकंदाला सूर थरथरला होता, तो मलासुद्धा कळला.

मग हवालदारांनी तेच ट्रंपेट घेतले, माऊथपीस धोतराच्या सोग्याने पुसला आणि तोच सूर लावला. सव्वीस सेकंद. साठी उलटलेला माणूस! सूर जिथे सुरू झाला तिथेच संपला, मधे कुठे केसभर हलला नाही.

"हे झालं का दिवसभर बाकीचं वाजवाले हरकत नाही," ते म्हणाले. "हे नाही झालं, त काहीच नाही झालं."

लष्करी बँडमध्ये याला 'लाँग नोट' म्हणतात. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, दमसास. गवयाबद्दल आपण तो सहज वापरतो. बँडवाल्याबद्दल वापरलेला मी कधी ऐकला नाही.

बहुतेकांची अशी समजूत असते की ट्रंपेटमध्ये फुंकले की आवाज येतो. नुसते फुंकून बघा, हवेशिवाय काही बाहेर येणार नाही. आवाज ओठांचा असतो. मिटलेल्या ओठांमधून हवा रेटली की ते थरथरतात, आणि पितळेची नळी ती थरथर घडवते, मोठी करते. सूर ४४० कंपनांचा असेल तर ओठ सेकंदाला ४४० वेळा उघडतात आणि मिटतात. आपला शंख याच जातीचा, तुतारीही याच जातीची. सनई मात्र वेगळी. तिथे थरथरते ती पत्ती. ट्रंपेटवरच्या तीन कळा बघून वाटते, सूर बोटांनी निघतात. पण एकही कळ न दाबता नुसत्या ओठांच्या ताणावर पाच-सहा सूर काढता येतात. बिगुलाला तर कळाच नसतात. छावणीत सकाळी उठवण्यापासून रात्री निजवण्यापर्यंतचे सगळे बिगुल एवढ्या मोजक्या सुरांत बसवलेले असतात. कळा आल्या त्या १८१५ च्या सुमारास, जर्मनीत. त्याआधीची कैक शतके माणूस ओठांवरच निभावत होता.

तेव्हा ट्रंपेट हे वाद्य निम्मे पितळेचे आणि निम्मे मांसाचे. पितळेचा भाग मीरतेहून मागवता येतो, कर्जाने घेता येतो. मांसाचा भाग रोज सकाळी नव्याने तयार करावा लागतो. तोंडाभोवतीचा गोल स्नायू, गालांचे कोपरे, पोटापासून येणारा श्वास, या सगळ्यांचा मेळ एका सुरावर बसवायचा, आणि तो बसला की नाही हे फक्त लांब सुरातच कळते. गाण्यात चुका लपतात. ढोल लपवतो, ताशा लपवतो, नाचणाऱ्यांचा आरडाओरडा लपवतो. एकट्या सुराला लपायला जागा नसते. आवाज वाढवला की सूर जागचा सरकू पाहतो. श्वास संपत आला की खाली बसू लागतो. ते होऊ न देता त्याला धरून ठेवायचे. कान आणि ओठ यांच्यात दर क्षणाला निरोपांची देवाणघेवाण चालू असते, तिचाच हा सराव.

हवालदारांचा दुसरा कटाक्ष गालांवर होता. पोराचे गाल फुगले की ते बोटाने टोचत. अमेरिकेचा डिझी गिलेस्पी बेडकासारखे गाल फुगवून जगप्रसिद्ध झाला, पण तो अपवाद. फुगलेल्या गालाचा माणूस लवकर थकतो, आणि थकला की वरचा सूर काढण्यासाठी माऊथपीस ओठांवर दाबतो. दाबला की ओठांचे रक्त थांबते, ओठ सुजतात, बधिर होतात, मग आणखी दाबावे लागते. वरातीत तीन-चार तास हेच चालते. पाच-सात मोसमांत वरचे सूर जातात आणि ट्रंपेटवाला झांजेवर येतो. झांजेवाल्याचा रोज ट्रंपेटवाल्यापेक्षा कितीतरी कमी. हे मला त्या सकाळी हवालदारांनी समजावून सांगितले, आणि कर्जाच्या मुदतीत हा पोरगा झांजेवर आला तर हप्ता कुठून येणार, हा माझ्या धंद्याचा प्रश्न त्याच क्षणी सुराला जोडला गेला.

हवालदार हे शिकले होते पचमढीला. १९५० साली तिथे लष्कराच्या वादकांसाठी संगीताची शाळा निघाली. पचमढी आज मध्य प्रदेशात असली तरी नागपूरकराला ती परकी वाटत नाही. नागपूर राजधानी असताना सरकार उन्हाळ्यात तिथेच जात असे. आणि कामठी तर १८२१ पासूनची छावणी. आजही ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र तिथे आहे. नागपूर परिसरातल्या लग्नाच्या बँडमध्ये जे कोट, टोप्या आणि पावले दिसतात ती अशा छावण्यांतून बाहेर आली. पण छावणीतून कोट येणे सोपे, शिस्त येणे अवघड. पलटणीच्या बँडवाल्याला सरावाचा पगार मिळतो. लग्नाच्या बँडवाल्याला सरावाचे कोणी काही देत नाही.

पलटणीत एका वाजवण्याला विशेष मान असतो. 'लास्ट पोस्ट'. जवानाला अखेरची मानवंदना देताना बिगुलावर वाजतो तो. आपल्या विदर्भातल्या खेड्यांनीही तो ऐकला आहे. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, चबुतऱ्यासमोर उभी आई, आणि एकटा बिगुलवाला. साथ नाही, ढोल नाही. त्यातले काही सूर लांब धरायचे असतात. हवालदार म्हणत, तिथे सूर फाटला तर माणूस दोनदा मेला. आयुष्यभर रोज सकाळी सूर धरायचा तो त्या दोन-तीन मिनिटांसाठी.

आपल्या गाण्यात ही गोष्ट नवी नाही. पहाटे उठून खर्जाचा रियाझ करायचा, तंबोऱ्यावर नुसता षड्ज घोळवायचा, हे कुठल्याही गवयाच्या चरित्रात वाचायला मिळते. सनईच्या जोडीत तर एकाचे कामच तेवढे: मुख्य वादक राग मांडतो आणि दुसरा फक्त सूर धरतो. गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत, अखंड. मैफलीनंतर हार पहिल्याच्या गळ्यात पडतो. पश्चिमेकडेही तसेच. पॅरिसच्या आर्बाँने १८६४ साली कॉर्नेट शिकण्याचा एक ग्रंथ छापला, जगभरचे ट्रंपेटवाले अजून तो उघडतात, आणि त्याचे पहिले धडे सावकाश धरलेल्या सुरांचेच आहेत. नंतरच्या काही शिक्षकांनी आक्षेपही घेतला आहे की लक्ष न देता तासन्‌तास लांब सूर काढत बसले तर वाईट सवयच पक्की होते. हवालदारांनी हा आक्षेप ऐकला असता तर मान डोलावली असती. ते स्वतः जेवढा वेळ वाजवायचे तेवढाच वेळ विश्रांती घ्यायला लावत. "थकला का ठेवून दे. थकलेले ओठ खोटं शिकतात."

कर्ज मंजूर झाले. मात्र हप्ते ठरवताना घोटाळा झाला. नियमाप्रमाणे दरमहा समान हप्ता. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नाहीत हे मला माहीत होते; देव झोपतात तेव्हा बँडवालेही उपाशी झोपतात, ही जोडणी मात्र मी केली नव्हती. मारबत, गणपती, दुर्गा यांच्या मिरवणुकांत चार दिवस काम मिळते, तेवढेच. शेतकऱ्याला पीक बघून हप्ता बांधून देणाऱ्या आमच्या व्यवस्थेला बँडवाल्याचा हंगाम ठाऊक नव्हता. मी वर लिहिले, वरून नकार आला.

व्हायचे तेच झाले. पहिल्याच चातुर्मासात तीन हप्ते थकले. श्रावणातल्या एका रिमझिमत्या सकाळी मी वसुलीला कामठीला गेलो. पोरगा घरी नव्हता. नदीवर सापडला. छत्री खांद्याला टेकवून पाठमोरा बसला होता आणि मधमाशीच्या गुणगुणण्यासारखा एक विचित्र आवाज येत होता. जवळ गेलो तर त्याच्या हातात ट्रंपेट नव्हते. नुसता माऊथपीस होता, आणि तो त्यातच सूर धरत होता.

"ट्रंपेट कुठे आहे?"

तो उठून उभा राहिला. बोलेना. मग म्हणाला, "सावकाराकडे हाय जी. युफोनियमबी. माय दवाखान्यात होती."

ज्यांनी बँकेत काम केलेले नाही त्यांना यातले गांभीर्य कळायचे नाही. ती वाद्ये बँकेकडे नजरगहाण होती. बँकेची वस्तू सावकाराकडे गहाण टाकणे हा विश्वासघात. मी तसा अहवाल दिला असता तर कर्ज तिथेच परत मागितले गेले असते आणि जामीनदार म्हणून हवालदारांच्या दारात नोटीस गेली असती.

"आणि हा का ठेवला?" मी माऊथपीसकडे बोट दाखवून विचारले.

"त्याचे सावकार वेगळे पैसे देत नव्हता. आन् हे नसलं त ओठ जाते न साहेब. दिवाळीनंतर ट्रंपेट सुटून आलं तरी मी काय वाजवू?"

नुसत्या माऊथपीसवर ओठ थरथरवत सूर धरणे ही ट्रंपेटवाल्यांची जुनी युक्ती आहे हे मला नंतर कळले. नळीचा आधार नसल्याने सूर पूर्णपणे ओठांवर असतो, त्यामुळे ते उलट अधिक कठीण. तेव्हा मला एवढेच दिसले की पावसात एक कर्जदार भिजत बसला आहे आणि जे त्याच्याकडे उरले आहे ते राखतो आहे. मी घड्याळ बघितले नाही, पण सूर चौदा सेकंदांपेक्षा पुष्कळ लांब झाला होता.

परत येऊन मी पाहणी अहवालात लिहिले, "वाद्ये पाहिली. सुस्थितीत. हंगामानंतर वसुली अपेक्षित." माझ्या नोकरीतला हा एकमेव खोटा शेरा होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण पुढे सेवानिवृत्त होईपर्यंत आठवत राहिलेला हा एकच. त्याचे समर्थन मी आजही करू शकत नाही. एखाद्या कनिष्ठाने माझ्यासमोर असा शेरा आणला असता तर मी त्याला समोर उभे करून झापले असते. पोराने दुर्गेच्या मिरवणुकांत दुसऱ्याच्या ट्रंपेटवर वाजवून पैसे जमवले, तुळशीच्या लग्नाआधी ट्रंपेट सोडवले आणि पौषात युफोनियम. शेवटचा हप्ता १९९१ साली भरला, दोन महिने उशिराने.

त्यानंतर माझ्या बदल्या होत गेल्या. हवालदार जाऊन आता वीसेक वर्षे झाली. पोरगा मास्तर झाला, स्वतःचा अठरा माणसांचा बँड केला. मधल्या काळात गाडीवर रचलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरांचे डीजे आले. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यांनी डीजे थांबले की नाही हे वाचक जाणतातच. अठराचे अकरा झाले. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये तर अख्खा लग्नांचा हंगामच गेला. मास्तरने भाजीची गाडी लावली. फुंकण्याच्या वाद्याला तेव्हा लोक घाबरत. शेजाऱ्यांनी सांगितले, वाजवू नका, रोग पसरेल. त्याने पुन्हा माऊथपीस काढला आणि दार-खिडक्या लावून त्यातच सूर धरला. हे सांगताना तो हसला. "साहेब, पहिले सावकारानं शिकवलं, मंग रोगानं."

गेल्या श्रावणात मी मुद्दाम कामठीला गेलो. मास्तरची साठी जवळ आली आहे. समोरचे दोन दात पडले आहेत. ट्रंपेटवाल्याला पुढचे दात म्हणजे माऊथपीसच्या मागची भिंत. ते गेले की बहुतेक जण थांबतात. त्याने कवळी बसवून घेतली आणि लांब सुरापासून, म्हणजे अगदी पहिल्यापासून, सुरुवात केली. सहा महिने लागले, म्हणाला. आता वरातीत तो वरचे सूर दुसऱ्यांना देतो, स्वतः खालची बाजू सांभाळतो. मला वाटले होते हे सांगताना त्याला वाईट वाटेल. वाटत असेलही. पण तो बोलत होता कवळीच्या दरांबद्दल.

नदीवर आम्ही तिघे होतो. तिसरी त्याच्या भावाची नात, नववीत, शाळेच्या बँडमध्ये. मुलींनी ट्रंपेट वाजवायचे हे हवालदारांच्या काळी कामठीत कोणी मनात आणले नसते. तिला गाणे वाजवायचे होते. मोबाइलवर ऐकून तिने अर्धे बसवलेही होते. मास्तरने मान हलवली आणि एक बोट वर केले.

तिने सूर लावला. लहान, मग मोठा. सातव्या सेकंदाला गाल फुगले, मास्तरने बोटाने टोचले, आणि ती हसली तशी सूर फुटला. पुन्हा. या वेळी गाल जागेवर राहिले. कन्हानेला पूर आलेला होता, पाण्याचा आवाज मोठा होता, तरी सूर ऐकू येत होता. मी सवयीने मनगटाकडे बघत होतो.

"किती झाले, आजोबा?" तिने मला विचारले.

"अकरा."

ती मास्तरकडे वळली. "मी मनात मोजले न, तेरा झाले होते."

मास्तरने आम्हा दोघांकडे पाहिले, माऊथपीस झटकून तिच्या हातात परत दिला आणि म्हणाला, "साहेबांची घडी जुनी हाय. चाल, पुन्हा लाव."